खोलीच्या तापमानाला

होळीची राख अजून कोपऱ्यावर असते आणि आमच्या गल्लीत जिन्याखालचे कूलर बाहेर निघायला लागतात. कुणी जाळीतलं जुनं गवत उपसतं, कुणी टाकीच्या गंजलेल्या बुडाला रंग फासतं, कुणाचा पंप नुसताच गुरगुरतो, पाणी वर चढत नाही. मग पंपाला आणि पंप विकणाऱ्याला एकाच दमात नावं ठेवली जातात. आमच्याकडे उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही, या खुडबुडीतून येतो. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक, पण कूलरच्या टाकीला दोन बादल्या काढून ठेवलेल्या असतातच.

यंदाही नवऱ्यानं नवं गवत आणलं, जाळीत दाबून भरलं आणि पाणी सोडलं. तो वास घरभर पसरला. ओल्या लाकडाचा, जरासा औषधी, जरासा बंद गोदामासारखा. पोरं समोर जाऊन पसरली. मी उगीचच स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा लावत बसले. मी रसायनशास्त्र शिकवते. अमोनियाच्या बाटलीशेजारी बसून डबा खाल्लेली बाई आहे मी. पण नव्या गवताचा पहिला वास गेली दहा वर्षं मला सोसत नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी संकरित पदार्थांवर पीएच.डी. करत होते. घरी कुणी विचारलं, की मी सोपं करून सांगायचे. काच ताठ असते, पण तडकते. प्लास्टिक वाकतं, पण टिकत नाही. दोघांना वरवर चिकटवायचं नाही, अगदी रेणूपासून एकमेकांत गुंफायचं, म्हणजे काचेचा टिकाऊपणा आणि प्लास्टिकचा मऊपणा एकाच वस्तूत येतो. अडचण एवढीच, की या दोघांचं मुळात पटत नाही. जरा लक्ष हटलं की दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यात जाऊन बसतात आणि आपल्या हातात दुधाळ चिखल राहतो. 'म्हणजे पत्रिका जुळवायचं काम करतेस,' असं माझे वडील म्हणत. आमच्या घरात दोन पिढ्या भिक्षुकी आणि त्यानंतरच्या दोन पिढ्या कारकुनी झालेली. त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं.

या विषयावरच्या प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचं नाव ठरलेलं असतं: आव्हाने आणि संधी. माझ्याही होतं. संधींची यादी वाचली की ऊर भरून येतो. पाणी गाळणारी चकती, हाडाला धरणारं रोपण, गंज न चढू देणारा लेप, कमी जागेत जास्त वीज साठवणारी बॅटरी. आव्हानांचा परिच्छेद त्यामानानं आखूड असतो. सगळ्यात मोठं आव्हान त्यात बहुधा नसतंच. एकानं केलेलं दुसऱ्याला पुन्हा करता आलं पाहिजे, हे ते आव्हान. ते इतकं साधं आहे की लिहायची लाज वाटते.

माझी चकती पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवायची होती. आमच्याकडच्या कितीतरी बोअरच्या पाण्यात ते असतं, आणि लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर तपकिरी रेघा उमटतात. कृती काही फार अवघड नव्हती. तीन द्रव मोजून मिसळायचे, आम्लाचे चार थेंब टाकायचे, बशीत ओतायचं, वर अॅल्युमिनियमचा पातळ चंदेरी कागद लावून सुईनं भोकं पाडायची आणि सात दिवस वाट पाहायची. ओल हळूहळू गेली तर चकती अखंड सुटते. घाईनं गेली तर तडकते. गेलीच नाही तर दुधाळ, चिकट गोळा होतो.

एप्रिल-मे महिन्यात मी सात चकत्या केल्या. सातही अखंड, खडीसाखरेच्या खड्यासारख्या स्वच्छ. माझे मार्गदर्शक सर दुपारच्या उन्हातून डोक्यावर ओला रुमाल टाकून आले, एक चकती खिडकीशी धरली आणि तिच्यातून बाहेरचं कडुनिंबाचं झाड बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या हाताला गुण आहे बरं का." सर फार बोलत नसत. ते वाक्य मी महिनाभर पदराला बांधून फिरत होते. वहीत मी लिहिलं: 'खोलीच्या तापमानाला सात दिवस वाळवले.' शोधनिबंधातही तेच छापून आलं. जगातल्या सगळ्या रसायनशास्त्रज्ञांची ही लाडकी शब्दरचना आहे. कुणाची खोली, कुठल्या गावातली, तिथं काय चालू होतं, असं कुणी विचारत नाही. पाककृतीत 'चवीपुरतं मीठ' असतं ना, तसंच हे.

जयश्री जुलैत सरांकडे पीएच.डी.ला आली. करमाडच्या पलीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. जालना रोडनं रोज बसनं यायची. हसताना तोंडावर हात धरायची. पहिले काही दिवस मला ते लाजणं वाटलं. मग एकदा डबा खाताना तिच्या पुढच्या दातांवरच्या तपकिरी रेघा दिसल्या आणि ती याच प्रयोगशाळेत का आली ते कळलं.

"गावात सगळ्यांचेच हायेत, ताई," ती म्हणाली. "पाहुणे बघायला आले का आमच्या पोरी पाणी द्यायला जात्यात, बोलत नाय. मला ती चकती शाळेच्या टाकीला लावायचीय."

सरांनी तिला तेच काम दिलं. माझ्या कृतीनं चकत्या करायच्या आणि त्यातून खरं बोअरचं पाणी गाळून बघायचं. माझ्या सात चकत्या मोजमापात खर्ची पडल्या होत्या. तिला नव्या करायच्या होत्या. जागा मिळाली मागच्या खोलीत, जिथं एक टेबल आणि एक खिडकी होती.

पावसाळ्यात तिची एकही चकती जमली नाही. सगळ्या दुधाळ. दिवाळीनंतर उलटंच झालं. सगळ्या स्वच्छ, पण पाचव्या दिवशी सकाळी तडा गेलेला. ती बशा हातात धरून माझ्या दारात उभी राहायची. मी प्रबंध लिहीत होते. मी मान वर करून सांगायचे, "आम्ल मोजून टाकलंस ना? भोकं सारखी पाड." ती पुन्हा पाडायची. मी खरंच समजत होते, की तिचा हात अजून बसलेला नाही. तेव्हापर्यंत माझ्या मनात काही पाप नव्हतं, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं लिहायचं आहे.

तिच्या वहीत एक गंमत होती. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारखेखाली ती हवा लिहायची. 'आभाळ भरलंय, वारं पडलंय.' 'थंडी लई, पाणी पिलं तरी ओठ फुटले.' सरांनी एकदा ते बघितलं आणि म्हणाले, "ही प्रयोगाची वही आहे की पंचांग?" आम्ही हसलो. तीही हसली, तोंडावर हात धरून. पण लिहिणं तिनं सोडलं नाही.

"आमचे आबा म्हणत्यात," तिनं मला नंतर सांगितलं, "गावरान ज्वारी कशीबी दम काढती. हायब्रीडचं तसं नसतंय. त्याला सगळं येळंवर आन् बेतानं लागतंय. तुमची चकतीबी हायब्रीडच हाय ना, ताई?"

मी ते वाक्य आठवडाभर सगळ्यांना गमतीनं सांगत होते. त्यात गंमत नव्हती, हे कळायला मला मार्च उजाडावा लागला.

मार्चमध्ये माझी तोंडी परीक्षा जवळ आली. परीक्षकांसमोर ठेवायला एक ताजी चकती हवी, असं सर म्हणाले. मी मोठ्या ऐटीत तीन बशा भरल्या. सातव्या दिवशी तिन्ही तडकल्या. माझ्याच टेबलावर, माझ्याच हातच्या. मी बाटलीला दोष दिला, नवी बाटली फोडली. तेवढ्यात होळी झाली आणि आमचे कचरूमामा, प्रयोगशाळेची देखभाल करणारे, त्यांनी रिवाजाप्रमाणे माझ्या खोलीतला कूलर धुऊन पुसून, नवं गवत भरून सुरू केला. पुढच्या बशीतली चकती अखंड सुटली. स्वच्छ.

ती हातात घेऊन मी कूलरसमोर उभी राहिले. ओली हवा तोंडावर येत होती. एका क्षणात सगळं लख्ख समजलं. बाहेरची हवा उन्हाळ्यात कोरडी ठक्क, पण या एका खोलीत कूलर दिवसभर पाणी उडवतो. ऊबही आहे आणि ओलावाही, दोन्ही बेतानं. पावसाळ्यात ओल फार, थंडीत फार कमी. माझ्या हाताला गुण नव्हता. कचरूमामा रोज सकाळी ज्या बादल्या ओतत, त्यांचा गुण होता. माझ्या 'खोलीच्या तापमानाला' या दोन शब्दांत अख्खा कूलर लपलेला होता. आणि मागच्या खोलीत कूलर नव्हता.

मी धावत जाऊन जयश्रीला सांगायला हवं होतं. पाय उचललाही होता. मग मनात आलं, प्रबंध छापून गेलाय. परीक्षेला बारा दिवस आहेत. परीक्षक म्हणाले, 'मूळ कृतीच अपुरी आहे, पुन्हा लिहून आणा,' तर? वर्ष जाईल. परीक्षा झाली की सांगू, काय बिघडतंय. मी चकती डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

बिघडणारं होतंच. जयश्रीच्या कामाचा आढावा माझ्या परीक्षेच्या आधी होता. आठ-नऊ महिन्यांत एकही चकती नाही, म्हणजे समिती विषय बंद करणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

आढाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती मला चहाच्या टपरीपाशी भेटली. ऊन इतकं होतं की टपरीवाल्यानं बाकड्यावर ओलं पोतं अंथरलं होतं. तिच्या हातात वही होती, कडा मळलेल्या.

"ताई, एक इचारायचं व्हतं. हसू नका. मी सगळी पानं परत बघितली. पावसात दुधाळ, थंडीत तडा. म्हंजी हवेचाच काहीतरी खेळ हाय. तुम्ही मागच्या उन्हाळ्यात केल्या तव्हा तुमच्या खोलीतला कूलर चालू व्हता का? कचरूमामा म्हणत्यात, मोटार जळाली व्हती एप्रिलात. दुरुस्त कधी झाली ते त्यांना आठवंना. चालू व्हता असं कुणी सांगितलं, तर उद्या समितीला म्हणते, अजून दोन महिने द्या."

मोटार पहिली बशी भरायच्या आदल्या दिवशी दुरुस्त होऊन आली होती. मला ते पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी कूलरसमोर उभं राहून कैरीचं पन्हं प्यायलं होतं.

"आठवत नाही गं," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण खोटं एकटं राहत नाही. मी हसून पुढे म्हणाले, "आणि कूलरचा काय संबंध? हे काय काहीतरीच!"

तिनं वही मिटली. "व्हय, मलाबी तसंच वाटलं," म्हणाली. मग माझ्या चहाकडे बोट दाखवून, "प्या ना, ताई, गार होतोय."

दुसऱ्या दिवशी तिनं समितीपुढे हवेचा मुद्दा मांडलाच नाही. निकाल का येत नाहीत असं विचारल्यावर ती नुसती उभी राहिली, असं सर नंतर सांगत होते. त्यांनाही वाईट वाटलं होतं. 'नाचता येईना अंगण वाकडं, असं तरी म्हणायचं होतं पोरीनं, मी अंगण बघितलं असतं,' असं ते म्हणाले. समितीनं विषय बदलायला सांगितला. जयश्री चार दिवसांनी सामान न्यायला आली. मी म्हणाले, "दुसरा विषय घे ना."

"नाय, ताई. माझं डोकंच ह्या कामाचं नाय. काहीबी सुचतंय मला."

माझी परीक्षा झाली. परीक्षकांनी चकतीचं कौतुक केलं. पेढे वाटून झाल्यावर मी सरांना कूलरचं सांगितलं, जणू मला ते कालच सुचलं होतं. सरांना आनंदच झाला. आम्ही हवेतला ओलावा मोजून, कमीजास्त करून, नीट प्रयोग केले, आणि माझा दुसरा निबंध आला. तो पहिल्यापेक्षा जास्त गाजला. त्याच्या बळावर मला ही नोकरी मिळाली. आव्हान आणि संधी. आव्हान तिचं, संधी माझी. निबंधाच्या शेवटी आभारात मी तिचं नाव घातलं होतं. ते वाचायला ती त्या जगात राहिलीच नव्हती, म्हणूनच ते घालायचं धाडस मला झालं असावं.

दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी सांगते, वहीत सगळं लिहा. खिडकी उघडी होती का तेसुद्धा लिहा. मुली माना डोलावतात. त्यांना वाटतं बाई शिस्तीच्या आहेत.

यंदाच्या उन्हाळी सुट्टीआधी आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना घेऊन मी पैठण रोडवर चितेगावच्या एका कारखान्यात गेले होते. तिथं लोखंडी नळ्यांवर लेप देतात, अर्धा काचेच्या कुळातला, अर्धा प्लास्टिकच्या. तपासणी प्रयोगशाळेच्या दारात पांढऱ्या कोटातली एक बाई उभी होती. केस कानाजवळ पिकलेले. मला बघून ती हसली, आणि हात तोंडावर गेला.

"ताई! लिस्टवर कॉलेजचं नाव बघितलं तव्हाच म्हणलं, तुम्हीच असणार."

तिनं मुलींना सगळं फिरून दाखवलं. लेप कसा द्यायचा, कसा खरवडून बघायचा, मिठाच्या पाण्यात किती दिवस ठेवायचा. फार छान समजावत होती. हातानं, डोळ्यांनी. तिच्या हाताखाली दोन तरुण मुली काम करत होत्या. त्यांना ती 'बाळा' म्हणत होती. त्या मात्र एकही शब्द न बोलता सांगितलेलं करत होत्या. माझ्या वर्गातली एक मुलगी, सारखं काहीतरी विचारणारी, तिनं विचारलं, "मॅडम, पावसाळ्यात हा लेप वेगळा वागतो का?" जयश्री क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ते वरचे साहेब बघत्यात." मुली चहाला कँटीनकडे गेल्या, तिच्या त्या दोघी आत गेल्या, आणि आम्ही दोघीच उरलो.

मी आयत्या वेळी पळपुटेपणा करीन अशी मला खात्री होती. दहा वर्षं तेच केलं होतं. पण तिनं खुर्ची पुसून पुढे केली, "बसा ना, ताई," म्हणाली, आणि मला बसवेना.

"जयश्री, कूलर चालू होता."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबीत ठेवलेली चकती, मोटार कधी आली ते, पन्हं, टपरी, दुसरा निबंध. काही गाळलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर नळ्यांचे ढीग उन्हात तापत पडले होते.

"म्हंजी माझा प्रश्न बरोबर व्हता?"

"बरोबर होता. अगदी तोच होता."

"आन् तुम्हाला ठाऊक व्हतं."

"चार दिवस आधीपासून."

ती रडेल असं मला वाटलं, किंवा ओरडेल. त्या दोन्हींची तयारी मी मनातल्या मनात कितीदा केली होती. तिनं टेबलावरची पट्टी उचलली, सरळ ठेवली.

"डिग्रीचं जाऊ द्या, ताई. ते माझं मी कवाच सोडलंय. पण गावातल्या टाकीला अजून काय नाय बसलं. आन् ह्या दोन पोरी बघितल्या का? हुशार हायेत. लई हुशार. पयल्या दिवशी मी त्यांना काय सांगितलं ठाऊक हाय? काहीबाही इचारून हसं करून घेऊ नका, सांगितलं तेवढं करा. सगळ्यांना हेच सांगत आले मी. किती पोरी येऊन गेल्या हितून."

मला आजवर वाटत होतं, मी एकीचं नुकसान केलं. त्याचा हिशेब मी मनाशी मांडून ठेवला होता, त्यावर हळहळायची सवयही लावून घेतली होती. ते तिच्यावरच थांबलं नसेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मला माफी मागायची होती. तो शब्द फार लहान वाटला, तरी मी मागितली.

तिनं मान हलवली. होय की नाही ते समजलं नाही. मग ती दाराशी गेली आणि आत हाक मारली, "बाळांनो, हातातलं ठेवा, हिकडं या." कँटीनच्या बाजूलाही तिनं हात केला. माझ्या मुली चहाचे कप घेऊन आल्या. सगळ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, काहीतरी झालंय हे त्यांना कळत होतं.

जयश्री माझ्याकडे वळली. यावेळी तिचा हात तोंडावर नव्हता.

"आता ह्यांच्यासमोर सांगा, ताई. तुमच्या पोरींना आन् माझ्या पोरींना. पयल्यापासून."

माझ्या विद्यार्थिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यातली ती सारखं विचारणारी सगळ्यांत पुढे होती. मी घसा साफ केला आणि सांगायला लागले.